वर्गातच उभा राहावा खटला

शेजाऱ्याने बांध कोरला आणि जाब विचारायला गेलेल्या भावाला मारहाण झाली. यातून एक दिवाणी दावा निघतो आणि एक फौजदारी खटला. तालुक्याच्या कोर्टाला अशी प्रकरणे नवी नाहीत. पण हाच अशील नुकतीच सनद मिळालेल्या वकिलापुढे येऊन बसला, की वकिलाची पंचाईत होते. कलमे पाठ असतात, सर्वोच्च न्यायालयाचे निवाडेही वाचलेले असतात. मात्र अशिलाला आधी काय विचारायचे, मोजणीचा नकाशा कधी मागायचा, तो जे सांगायचे टाळतो आहे ते कसे काढून घ्यायचे, हे कोणी शिकवलेले नसते.

हे दुखणे जुने आहे. अमेरिकेत कायदेतज्ज्ञ जेरोम फ्रँक यांनी १९३३ मध्येच त्यावर बोट ठेवले होते. वैद्यकीय विद्यार्थी रुग्णांच्या सहवासात शिकतो, मग वकिलाने फक्त वरिष्ठ न्यायालयांचे निकाल वाचून का शिकावे, हा त्यांचा सवाल होता. निकालपत्रात वस्तुस्थिती ठरून गेलेली असते. ती कशी सिद्ध झाली, कोणता साक्षीदार कुठे डगमगला, हे त्यातून फारसे कळत नाही.

आपल्याकडे बार कौन्सिल ऑफ इंडियाने २००८ च्या नियमांत चार प्रात्यक्षिक विषय सक्तीचे केले आहेत. मसुदालेखनाच्या विषयात दाव्यांचे पंधरा आणि दस्तांचे पंधरा मसुदे लिहायचे असतात. पर्यायी वादनिवारणाचा विषय ज्येष्ठ वकिलांनी अभिरूप प्रसंग रचून शिकवावा, असे नियमच सांगतो. चौथ्या विषयात वर्षाला तीन अभिरूप न्यायालये असतात. प्रत्येकाला दहा गुण, पाच लेखी निवेदनाला आणि पाच युक्तिवादाला. त्याखेरीज एक दिवाणी व एक फौजदारी खटला बसून पाहायचा असतो.

कागदावर हे चांगलेच आहे. पण अभिरूप न्यायालयात, म्हणजे मूट कोर्टात, वस्तुस्थिती छापून हातात मिळते आणि वाद फक्त कायद्याचा उरतो. खालच्या कोर्टात मात्र बहुतेक भांडण ‘नेमके काय घडले’ यावरच असते. म्हणून वर्गात जो खटला उभा करायचा, त्यात वस्तुस्थितीच वादाची हवी.

तसा खटला रचणे अवघड नाही. बांधाच्या प्रकरणाची एक फाइल करायची: फिर्याद, पंचनामा, पोलिसांनी घेतलेले जबाब, सातबारा, जखमेचा दाखला. अशील आणि साक्षीदार होणाऱ्यांना स्वतंत्र गुप्त टिपण द्यायचे. अशिलाच्या टिपणात लिहिलेले असते की पहिला धक्का त्याच्याच भावाने मारला होता, आणि थेट विचारल्याशिवाय हे सांगायचे नाही. मुलाखत घेणारा विद्यार्थी सुरुवातीपासून ‘हो की नाही’चे प्रश्न विचारत सुटला, तर ही गोष्ट बाहेर येत नाही. ‘पहिल्यापासून सांगा’ म्हणून त्याने आधी ऐकून घेतले आणि मग एकेक दुवा तपासला, तर येते.

पुढे उलटतपासणी. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १४६ प्रमाणे तिथे सूचक प्रश्न चालतात. विद्यार्थ्याला हे पाठ असते, तरी तो विचारतो, ‘एवढ्या लांबून तुम्ही मारहाण पाहिली कशी?’ साक्षीदार शांतपणे सांगतो, ‘टाकीवर चढलो होतो साहेब, तिथनं सगळं दिसतं.’ बचावाची फट साक्षीदारानेच बुजवली. दुसऱ्या वेळी तोच विद्यार्थी असा जातो:

‘तुम्ही विहिरीपाशी होता?’ ‘होय.’

‘विहिरीपासून बांध दोनशे फुटांवर?’ ‘असंल.’

‘मध्ये ऊस उभा होता?’ ‘होता.’

‘डोक्याच्या वर गेलेला?’ ‘होय.’

आणि खाली बसतो. ‘मग दिसले कसे’ हे युक्तिवादासाठी राखून ठेवायचे असते. विसंगतीचेही तसेच. साक्षीदार पोलिसांपुढे ‘ओरडा ऐकून गेलो’ म्हणाला असेल आणि कोर्टात ‘मारताना पाहिले’ म्हणत असेल, तर कलम १४८ प्रमाणे जबाबातला तेवढाच मजकूर त्याच्या नजरेस आणून द्यावा लागतो. त्याने तो नाकारला, तर तपास अधिकाऱ्याच्या साक्षीतून सिद्ध करावा लागतो. ही पायरी चुकली की हातातला मुद्दा वाया जातो. कलम वाचून ती लक्षात राहत नाही, एकदा चुकली की राहते.

खरे शिकणे घडते ते त्यानंतरच्या चर्चेत. अमेरिकेत १९७१ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल इन्स्टिट्यूट फॉर ट्रायल ॲडव्होकसी या संस्थेने त्याची घडी बसवली आहे. शिक्षकाने एकच मुद्दा निवडायचा, विद्यार्थ्याचे शब्द जसेच्या तसे त्याला ऐकवायचे, काय बदलायचे आणि का ते सांगायचे, आणि तोच भाग पुन्हा करून घ्यायचा. नुसते ‘छान झाले, आत्मविश्वास वाढवा’ याने कोणी सुधारत नाही. दुसरी खेप झाली नाही तर सारा खटाटोप स्नेहसंमेलनातल्या नाटुकल्यापुरता उरतो.

आपल्याकडे आणखी एक पथ्य पाळायला हवे. मूट कोर्टाच्या स्पर्धा बहुधा इंग्रजीत होतात, पण महाराष्ट्रातल्या तालुका कोर्टात पिंजऱ्यातला साक्षीदार मराठीत बोलतो. वहिवाट, फेरफार, चतुःसीमा, गटाची मोजणी हे त्याच्या बोलण्यात सहज येते. म्हणून साक्षीपुराव्याचा सराव मराठीतच झाला पाहिजे, आणि साक्षीदार म्हणून गावाकडच्या विद्यार्थ्यांना आवर्जून उभे केले पाहिजे. तिथे त्यांची माहिती शहरी मुलांपेक्षा सरस ठरते.

वर्गातल्या खटल्यात कोणाची जमीन जात नाही, कोणी तुरुंगात जात नाही. त्यामुळे विधी साहाय्य केंद्रातल्या खऱ्या कामाची जागा तो घेऊ शकत नाही. पण त्या कामाआधीची तयारी नक्कीच करून घेतो. २० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली. पदवीने अनुभवाची उणीव भरून निघत नाही, हेच त्यातून अधोरेखित झाले. ही उणीव कमी करायला महाविद्यालयाला मोठा निधी लागत नाही. एक खोली, एक नीट रचलेली फाइल, ध्वनिचित्रमुद्रणाला मोबाइल, आणि महिन्यातून एक शनिवार देणारे स्थानिक वकील किंवा निवृत्त न्यायाधीश एवढ्यावर भागते. ही व्यवस्था नसेल, तर नवा वकील पहिल्या चुका खऱ्या कोर्टात करतो आणि त्यांची किंमत त्याच्यावर विश्वास टाकणारा अशील मोजतो. अशिलाच्या माथी हा खर्च मारण्याचा आपल्याला काहीएक अधिकार नाही.