फ्लॉरेन्सच्या ललना आणि महानुभावांच्या म्हाताऱ्या

युरोपातील लघुकथेचा इतिहास सांगावयास कोणी बसला, की बोकाचिओचे नाव आलेच! १३४८ साली फ्लॉरेन्समध्ये प्लेगने हाहाकार उडविला. त्या वेळी सात तरुणी आणि तीन तरुण शहर सोडून खेड्यातल्या वाड्यात जाऊन राहतात आणि दहा दिवसांत शंभर गोष्टी सांगतात, असा त्याच्या ‘डेकामेरॉन’चा घाट. पण त्याच्याही आधी, तेराव्या शतकाच्या अखेरीस, कोणा अनामिकाने इटालियन भाषेत शंभर छोटेखानी गोष्टी जमविल्या होत्या. तो संग्रह म्हणजे ‘नोव्हेल्लीनो’.

आता गंमत पाहा. नेमक्या त्याच सुमारास आपल्या महाराष्ट्रातही एक गृहस्थ गोष्टी गोळा करीत होता. श्रीचक्रधरस्वामी गोदातीरी पुष्कळ हिंडले. आमचे नाशिक, त्र्यंबक आणि सिन्नर हीही त्यांच्या वाटेवरचीच गावे. ते उत्तरेकडे निघून गेल्यावर म्हाइंभटाने, ज्यांनी त्यांना पाहिले-ऐकले होते त्यांना गाठून, एकेक आठवण टिपली. तोच १२७८ च्या सुमारास रिद्धपुरी सिद्ध झालेला ‘लीळाचरित्र’ ग्रंथ. पुढे केशिराजबासांनी स्वामींचे ११४ दृष्टांत निवडून ‘दृष्टांतपाठ’ रचला.

दोन्हीकडच्या गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या तर मौज वाटते. ‘नोव्हेल्लीनो’त आणि ‘डेकामेरॉन’मध्येही एका ज्यूची गोष्ट आहे. सुलतान त्याला पेचात धरतो, ‘खरा धर्म कोणता?’ तो सांगतो, एका बापाजवळ मौल्यवान अंगठी होती. त्याने हुबेहूब तशाच आणखी दोन घडविल्या आणि तिन्ही मुलांना गुपचूप एकेक दिली. अस्सल कोणती, हे आजवर कोणाला ठरविता आलेले नाही! आपल्या दृष्टांतपाठात आंधळे हत्ती चाचपतात. पाय लागला तो म्हणतो खांब, कान लागला तो म्हणतो सूप. तिकडे सुलतानाचा दरबार आणि जवाहीर. इकडे घरातले सूप. पण माणसाला छळणारा प्रश्न एकच.

मला मात्र याहून मोठे साम्य दुसरीकडेच दिसते. बोकाचिओ मोठा पंडित. लॅटिन ग्रंथ लिहिणारा. तरीही ‘डेकामेरॉन’ त्याने लोकभाषेत लिहिला, आणि प्रस्तावनेत सांगून टाकले, की आईबाप, भाऊ, नवरा यांच्या धाकाने खोलीत कोंडून पडणाऱ्या, मनातले दुःख बोलता न येणाऱ्या स्त्रियांसाठी हे पुस्तक आहे. आपल्याकडे केशिराजबासही संस्कृतचे जाणकार. पण नागदेवाचार्यांनी त्यांना बजावले, की संस्कृतात लिहू नका. माझ्या म्हाताऱ्या त्याला मुकतील! हे दोघे एकमेकांच्या वाऱ्यालाही उभे राहिले नव्हते. तरी वाचक म्हणून दोघांच्याही डोळ्यांपुढे उभी राहिली ती बाईच.

आणि या उपकाराची फेड म्हाताऱ्यांनी केली! लीळाचरित्राची मूळ प्रत धामधुमीत नाहीशी झाली, तेव्हा स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा करावा लागला. त्या पाठांपैकी एक हिराइसेचा. एका बाईच्या तोंडपाठ ठेवण्यावर मराठीतला आद्य गद्यग्रंथ तगला, हे आपण पोराबाळांना सांगतो का?

पुढली कथा मात्र उलटी. बोकाचिओने एकदा एका साधूच्या निरोपाने घाबरून आपली पुस्तके जाळण्याचा विचार केला होता. मित्र पेत्रार्काने त्याला सावरले. १५५९ साली रोमने त्याच्या ग्रंथाला बंदी घातली. पण १४७० च्या आगेमागेच तो छापला गेला होता. छापलेले पुस्तक कोण किती कोंडणार? आपले पुस्तक मात्र सकळीसारख्या सांकेतिक लिपीत गेले. पंथातल्यांनी ते जिवापाड जपले, पण बाहेरच्या मराठी माणसाला त्याचा पत्ता नव्हता. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्यांनी लिपीची कोंडी फोडली, आणि डॉ. वि. भि. कोलते यांची संपादित प्रत तर १९७८ साली छापून आली. म्हणजे पुरी सातशे वर्षे!

शाळेच्या पुस्तकातून बोकाचिओचे नाव ऐकलेल्या कितीतरी सुशिक्षितांना म्हाइंभट ठाऊक नाही, याचा विषाद मला वाटतो. यंदा फराळाचे ताट पुढ्यात असताना घरातल्या एखाद्या आजीला दृष्टांतपाठातली एक गोष्ट वाचून दाखवा. ती अडणार नाही. ती तिच्यासाठीच तर लिहिली होती!