राजवाड्यात भरलेली शाळा: प्रतापसिंह हायस्कूल, सातारा

साताऱ्याचा जुना राजवाडा म्हटलं की राजघराणं आठवतं. माझ्या मते त्याचं खरं मोल तिथे भरलेल्या शाळेत आहे. १८३९ मध्ये इंग्रजांनी छत्रपती प्रतापसिंहांना पदच्युत करून काशीला धाडलं, १८४८ मध्ये राज्यच खालसा केलं. पुढे याच वाड्यात सरकारी हायस्कूल भरू लागलं, तेच आजचं प्रतापसिंह हायस्कूल. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तिथल्या रजिस्टरात १९१४ क्रमांकावर नाव चढलं: भिवा रामजी आंबेडकर, म्हणजेच पुढचे बाबासाहेब. २०१७ पासून राज्यात हा दिवस ‘विद्यार्थी दिवस’ म्हणून पाळतात.

कोणी म्हणेल, दाखला मिळाला, पण समता कुठे होती? आक्षेप रास्त आहे. सातारच्या शाळेतलं वेगळं बसणं, रोज घरी न्यावं-आणावं लागणारं गोणपाट, शिपायाने नळ सोडल्याशिवाय न मिळणारं पाणी, हे सारं बाबासाहेबांनीच ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आपल्या आठवणींमध्ये लिहून ठेवलंय. म्हणूनच नुसतं रजिस्टर जपून भागणार नाही. नोंद फक्त प्रवेश सांगते. वर्गातलं अंतर कळायला वर्गच डोळ्यांसमोर लागतो. वाडा जुना आहे आणि मुलांना सुरक्षित वर्ग हवेत, हेही खरंच. ते खुशाल नव्या इमारतीत भरवा. वाड्याची डागडुजी मात्र जुनं लाकूडकाम जाणणाऱ्या कारागिरांकडूनच करा, आणि तिथल्या फलकावर दाखल्याइतकंच ठळकपणे गोणपाटाचंही लिहा.