गाव ते महानगर (लेखांक ७) : मुंबईतली खोली घड्याळ बघून घ्या

सिंदखेड राजाकडच्या दुसरबीडहून मुंबईला निघणारा माणूस गाडीतली जागा आठ दिवस आधी धरून ठेवतो आणि मुक्कामाचं मात्र ‘तिथं गेल्यावर पाहू’ म्हणतो. आजवर ते खपून गेलं. कल्याण-डोंबिवलीला कुणी ना कुणी पाहुणे असायचे. नसलेच तर आमदार निवासात मतदारसंघाच्या नावावर एखादी गादी मिळायची. आता पाहुण्यांच्या वन रूम किचनमध्ये त्यांचीच मुलं दहावी-बारावीला बसलेली असतात, आणि नरिमन पॉइंटचं मनोरा आमदार निवास पाडलेलं आहे. शिवाय गावातली घरंही बदलली. एखाद्या घरातला मुलगा पुण्यात नोकरीला, मुलगी परदेशी जायच्या तयारीत, आणि आईला घेऊन मोठ्या दवाखान्यात जायचं तर दोन रात्रींचं भाडं भरायची तयारी असते. म्हणून प्रवासानंतर या आठवड्यात खोलीचा विषय.

मुंबईत मध्यम दराचं हॉटेल म्हणजे रोजचे साधारण अडीच ते पाच हजार रुपये. त्याच्या खाली लॉज, वर तारांकित. एवढ्या पैशात छत्रपती संभाजीनगरला किंवा नागपूरला ऐसपैस खोली मिळते. मुंबईत पलंग, त्याच्या कडेनं आडवं चालायची वाट आणि न्हाणीघर एवढंच हाती येतं. त्यावरून काउंटरवरच्या पोराशी वाद घालण्यात अर्थ नाही, कारण मुंबईत भाडं जागेचंच असतं. आपल्या हातात दोनच गोष्टी असतात. खोली कोणत्या वेळेला ताब्यात येते आणि ती आपल्या कामापासून किती लांब आहे. माझ्या मते मुक्काम सुखाचा होतो की नाही, ते या दोन गोष्टींवर ठरतं. फोटोतल्या गुबगुबीत उशा नंतर बघाव्यात.

आधी वेळेचं. आपल्याकडची ट्रॅव्हल्स रात्री निघते आणि पहाटे पाच-सहाला कल्याण, ठाणे, सायन करत माणसं उतरवत जाते. बहुतेक हॉटेलांत चेक-इन दुपारी बारा किंवा दोनला आणि चेक-आउट सकाळी अकरा-बाराला असतं. म्हणजे उतरल्यापासून खोली मिळेपर्यंत सहा ते नऊ तास सामानावर बसून काढायचे. सोबत म्हातारी आई असेल तर ते सहा तास फार मोठे होतात. पहाटेच खोली मागितली तर काही हॉटेलं अर्ध्या दिवसाचे पैसे घेतात, काही आदल्या दिवसाचं पूर्ण भाडं लावतात.

काही हॉटेलांत मात्र चोवीस तासांचा हिशेब चालतो. तुम्ही सकाळी सहाला आत गेलात तर दुसऱ्या दिवशी सकाळी सहापर्यंत खोली तुमची. पहाटे पोचून, अंघोळ करून, दिवसभर काम उरकून त्याच रात्री परतीची ट्रॅव्हल्स धरणाऱ्याला हे सगळ्यात सोयीचं. समजा भाडं ३००० रुपये आहे. चोवीस तासांच्या हॉटेलात एका दिवसाचं भाडं आणि ५ टक्के जीएसटी मिळून ३१५० रुपयांत काम होतं. बाराच्या नियमाचं हॉटेल असेल, पहाटे खोली घेतली आणि रात्रीपर्यंत ठेवली, तर दोन दिवस धरले जाऊन ६३०० भरावे लागू शकतात. झोप एकाही रात्रीची नाही. ॲपवर चेक-इनची वेळ बारीक अक्षरात असते, पण चोवीस तासांची सोय आहे की नाही हे फोन करून विचारलेलं बरं.

दुसरा रस्ता म्हणजे पोचायची वेळच बदलायची. आपल्याकडे रेल्वे नाही. खामगाव-जालना मार्गाची मागणी इंग्रजांच्या काळापासूनची आहे आणि ती अजून मागणीच आहे. त्यामुळे जालना स्टेशन गाठायचं, सिंदखेड राजावरून पन्नासेक किलोमीटर. तिथली मुंबईची वंदे भारत ३० डिसेंबर २०२३ ला जालन्याहून सुरू झाली आणि ऑगस्ट २०२५ पासून नांदेडहून सुटते. ती सकाळी जालन्यात येऊन दुपारी मुंबईत पोचते, आणि परतीची गाडी सीएसएमटीहून दुपारी निघते. हॉटेलांच्या वेळापत्रकाशी इतकी जुळणारी दुसरी गाडी आपल्या भागाला नाही. तिकीट ट्रॅव्हल्सपेक्षा महाग पडेल, पण खोलीचा अर्धा दिवस वाचतो. हिशेब दोन्ही आकडे एकत्र मांडून करावा. मुक्काम एका खर्चात आणि प्रवास दुसऱ्या खर्चात धरला की माणूस हमखास फसतो.

आता जागा. ‘स्टेशनजवळ’ हा आपला ठरलेला निकष आहे आणि तो निम्म्या वेळा चुकीचा ठरतो. कामाच्या दारापासून मोजा. टाटा मेमोरियल परळला आहे. केईएम त्याच भागात. तिथं सकाळी लवकर नंबर लावायचा असतो. अंधेरीला पाचशे रुपये स्वस्त मिळाली म्हणून खोली घेतली, तर सकाळच्या लोकलमध्ये रुग्णाला घेऊन चढायचं कसं? परळ, दादर, हिंदमाता, सायन हा पट्टा अशा कामाला योग्य. उपचार लांबणार असतील तर हॉटेलचा विचारच सोडा. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती, दोन्ही ठिकाणी रुग्ण आणि नातेवाइकांची सोय होते. दवाखान्यातल्या समाजसेवा विभागाकडून चिठ्ठी घेऊन तिकडे चौकशी करावी. गाडगेबाबा आपल्या वऱ्हाडातलेच. मुंबईत आलेल्या गरीब रुग्णाच्या नातेवाइकानं फुटपाथवर झोपू नये, हे त्यांना आपल्या आधी कळलं होतं.

मंत्रालयाचं काम असेल तर गोष्ट वेगळी. तिथं सर्वसामान्यांना प्रवेश दुपारी मिळतो, त्यामुळे फोर्टात महागडी खोली घेऊन पहाटे उठायची गरज नाही. शिवाय ऑक्टोबर २०२५ पासून आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो ३ पूर्ण सुरू झाली आहे. साडेतेहतीस किलोमीटरच्या या एकाच मार्गावर विमानतळाचं टी-२, बीकेसी, दादर, सीएसएमटी आणि विधान भवन ही स्टेशनं आहेत. मंत्रालय विधान भवनापासून चालत जाण्याच्या अंतरावर. व्हिसाच्या मुलाखतीसाठी बीकेसीतल्या अमेरिकी वकिलातीत जायचं असो की मंत्रालयात, दादर किंवा मरोळच्या बाजूला मेट्रोजवळची खोली चालते. कुर्ला पश्चिमेतून शेअर रिक्षानं बीकेसीला जाणाऱ्यांचे कपडे मुलाखतीआधीच चुरगळायचे, ते टळेल.

विमान पकडायचं असेल तर आधी तिकीट नीट वाचा. मुंबईला आता दोन विमानतळ आहेत. नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि डिसेंबरअखेर तिथून प्रवासी विमानं उडू लागली. तिकिटावर बीओएम असेल तर अंधेरी-सहार, एनएमआय असेल तर पनवेल-वाशीची बाजू. सहारला खोली घेऊन पहाटे नवी मुंबईच्या विमानतळाकडे धावायची वेळ आली तर टॅक्सीचं भाडं खोलीच्या भाड्याशी स्पर्धा करेल. स्वतःची गाडी घेऊन समृद्धी महामार्गानं निघणाऱ्यांसाठी एकच सूचना : दक्षिण मुंबईतल्या मध्यम हॉटेलांना पार्किंग नसतंच म्हणून धरा. गाडी ठाण्या-कल्याणकडे ठेवून लोकलनं आत जाणं बरं.

कामाजवळ उतरायची रीत जुनीच आहे. पुण्याच्या लोकमान्य टिळकांचा मुंबईतला मुक्काम क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात असे, आणि १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांचं निधन झालं तेही तिथंच. हायकोर्ट आणि बोरीबंदर दोन्ही तिथून जवळ.

भाडं दिवसागणिक बदलतं, हे गावाकडे अजून नीट पचलेलं नाही. परवा तीन हजार होती ती खोली आज साडेपाच कशी, म्हणून लोक भांडतात. ॲपवरचे भाव मागणीनुसार चढतात. जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईत कोल्डप्लेचे कार्यक्रम होते तेव्हा त्या परिसरातल्या खोल्यांचे भाव गगनाला भिडले होते. ६ डिसेंबरच्या आधी-मागे चैत्यभूमीमुळे दादर भरलेलं असतं, आणि तेव्हा आपल्याच जिल्ह्यातली हजारो माणसं तिकडे निघालेली असतात. नागपूरला हिवाळी अधिवेशन असेल तेव्हा तिथंही हेच. हायकोर्टाचं काम आपल्याला नागपूर खंडपीठात पडतं, म्हणून डिसेंबरची तारीख लागली तर खोली त्याच दिवशी धरून टाका.

ॲप की थेट फोन? मी म्हणेन, शोध ॲपवर घ्या, नंतर हॉटेलला फोन करा. ॲपवाले हॉटेलकडून दलाली घेतात. काही करारांत तर ‘आमच्यापेक्षा कमी भाव दुसरीकडे द्यायचा नाही’ अशी अट असे. अशा प्रकारांवरून भारतीय स्पर्धा आयोगानं ऑक्टोबर २०२२ मध्ये मेकमायट्रिप-गोआयबिबोला २२३ कोटी आणि ओयोला जवळपास १६९ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. तेव्हा ॲपवरचा भाव शेवटचा समजू नका. फोनवर सरळ बोला : “भाऊ, ॲपवर अठ्ठावीसशे दिसतेय, टॅक्स धरून थेट किती लावता?” कधी दोनशे कमी होतात, कधी सकाळचा नाश्ता त्यातच मिळतो. फोन नंबर मात्र नकाशावर दिसला म्हणून खरा मानू नये. नावाजलेल्या हॉटेलांच्या नावानं खोटे नंबर टाकून आगाऊ रक्कम उकळणारे बरेच आहेत. कुणी क्यूआर पाठवून पूर्ण भाडं लगेच मागितलं तर थांबा. पैसे गेलेच तर १९३० वर ताबडतोब फोन करा, उशीर झाला की रक्कम गोठवणं अवघड जातं.

कराचा हिशेब आता सोपा झालाय. २२ सप्टेंबर २०२५ पासून रोजचं भाडं ७५०० रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी ५ टक्के आहे. आधी तो १२ होता. ७५०० ओलांडलं की १८. मध्यम हॉटेलनं अजून १२ लावला तर बिल परत करून दुरुस्त करून घ्या.

खोलीबद्दल विचारायच्या गोष्टी थोड्या, पण नेमक्या. लिफ्ट तळमजल्यापासून आहे का? जुन्या इमारतींत ती कधी पहिल्या मजल्यावरून सुरू होते आणि खाली दगडी जिना असतो. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तोच जिना सगळा मुक्काम कडू करतो. कमोड इंग्लिश आहे का? खिडकी रस्त्याकडे उघडते की डक्टमध्ये? डक्टवाल्या खोलीत सकाळ झालेली कळत नाही आणि खालच्या भटारखान्याचा वास वर येतो, पण झोप मात्र शांत लागते; ज्यानं त्यानं ठरवावं. गीझर दिवसभर की ठरावीक वेळेत? तिसऱ्या माणसासाठी पलंग देणार की जमिनीवर गादी, आणि तिचे किती? कुटुंबातले चौघं एका खोलीत मावतील हा आपला अंदाज मुंबईत चालत नाही. रजिस्टरवर दोन नावं लिहून मागच्या दारानं बाकीचे आत नेण्याचा प्रकार तर मुळीच करू नये. आग लागली, तर आत किती माणसं होती हे कुणालाच कळत नाही.

आगीचं एवढ्यासाठी लिहितोय की मध्यम हॉटेलांत तो धोका खरा आहे. १२ फेब्रुवारी २०१९ च्या पहाटे दिल्लीच्या करोलबागेतल्या अर्पित पॅलेस हॉटेलला आग लागली आणि १७ जण गेले. माणसं धुरानंच जास्त मरतात. खोलीत सामान टाकलं की दार उघडून जिना कुठं आहे ते स्वतः बघून या. जिन्यात गाद्या, खोकी, जुने एसी रचून ठेवलेले दिसले तर खालच्या मजल्यावरची खोली मागा, नाहीतर हॉटेल बदला. आगाऊ भरलेले पैसे बुडाले तरी चालतील.

ओळखपत्र प्रत्येक प्रौढ माणसाचं लागतं. आधारच पाहिजे असा नियम नाही. मतदार ओळखपत्र, वाहन परवाना, पासपोर्ट चालतो. आधारच द्यायचं झालं तर मास्क्ड आधार द्या. त्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात. झेरॉक्सवर तारीख आणि ‘हॉटेल मुक्कामासाठी’ असं आडवं लिहून टाका.

आणि खोली नाकारली गेली तर? १९१७ मध्ये बडोद्याला नोकरीसाठी गेलेल्या डॉ. आंबेडकरांना पारशी पथिकाश्रमात पारशी नाव लावून राहावं लागलं होतं, आणि ते उघड होताच काठ्या घेतलेल्या जमावानं त्यांना बाहेर काढलं. पुढे राज्यघटनेच्या १५ व्या अनुच्छेदात धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान एवढ्यावरून हॉटेलात प्रवेश अडवता येणार नाही असं स्पष्ट लिहिलं गेलं. आडनाव ऐकून ‘रूम फुल आहे’ म्हणणारे आजही भेटतात. अशा वेळी बुकिंगची नोंद आणि नकाराची वेळ मोबाइलमध्ये जपून ठेवा. एकट्या बाईला किंवा एकट्या तरुणाला खोली न देणारीही हॉटेलं आहेत. तिथं दारात वाद घालण्यापेक्षा ते आदल्या दिवशी फोनवर विचारून घेतलं तर रात्रीची वणवण टळते.

निघताना बिल वाचा. सेवा शुल्क म्हणून आपोआप लावलेली रक्कम देणं बंधनकारक नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये तशी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ती उचलून धरली. ते शुल्क काढायला सांगा, ऐकलं नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. पाणी आणून देणाऱ्या पोराला द्यायचे ते पन्नास रुपये त्याच्या हातात द्या.

(पुढील लेखांक : रुग्णासोबत राहणाऱ्यांचं जेवणखाण)