तेरा अश्वशक्तीची एम-ट्वेंटी

जड आहे, संथ आहे आणि पोट जमिनीच्या फार जवळ आहे. बीएसए कंपनीच्या एम-२० या मोटरसायकलवर ब्रिटिश लष्कराच्या परीक्षकांनी मारलेले हे शेरे. १९३६ साली तर इंजिन फार झिजते म्हणून त्यांनी तिला नापासच केले होते. पुढच्या वर्षी थोड्या गाड्या घेऊन पुन्हा तपासणी झाली, तेव्हा ती काठावर पास झाली. मग दुसरे महायुद्ध आले आणि या काठावरच्या गाडीचे सुमारे सव्वा लाख नग बर्मिंगहॅमच्या स्मॉल हीथ कारखान्यातून लष्करासाठी बाहेर पडले.

घरच्या घरी जुनी ब्रिटिश मोटरसायकल उभी करायची असेल तर माझ्या मते हिच्यापासूनच सुरुवात करावी. ट्रायम्फ देखणी, नॉर्टन मानाची, व्हिन्सेंटचे तर नावच घ्यायला नको. ती परवडणाऱ्यांनी हा लेख वाचायची गरज नाही. एम-२० ला कोणी देखणी म्हटलेले माझ्या ऐकण्यात नाही. पण रस्त्याच्या कडेला, चिखलात, हाताशी असतील त्या चार पान्यांनिशी एखाद्या शिपायाला दुरुस्त करता यावी, असा तिचा बांधा आहे. शिपायाला जे जमत होते ते घरातल्या पडवीत आपल्याला जमू नये असे काही नाही.

हिचे कूळ मात्र मोठे आहे. व्हॅल पेज हा नावाजलेला अभियंता १९३६ साली बीएसएत आला आणि त्याने एम मालिकेची इंजिने आखली. त्याच मालिकेतल्या एम्पायर स्टारवर बसून वॉल हँडली याने ३० जून १९३७ रोजी ब्रुकलँड्सच्या धावपट्टीवर ताशी शंभर मैलांहून अधिक वेगाने फेरी मारली. तिथे असा पराक्रम करणाऱ्याला सोन्याच्या ताऱ्याचे पदक मिळे. त्यावरूनच पुढच्या वर्षी एम-२४ला गोल्ड स्टार हे नाव पडले आणि मोटरसायकलच्या इतिहासात ते अजरामर झाले. एकाच घरात एकीने बक्षिसे आणावीत आणि दुसरीने पाणी भरावे, तसे या दोघींचे झाले.

एम-२० चे इंजिन ४९६ सीसीचे, एका सिलिंडरचे. व्यास ८२ मिलिमीटर, स्ट्रोक ९४. ताकद तेरा अश्वशक्ती, तीही मिनिटाला ४२०० फेऱ्यांवर. आजची साधी दीडशे सीसीची गाडीही एवढी ताकद सहज देते. यामागचे कारण साइड व्हॉल्व्ह. हिचे व्हॉल्व्ह डोक्यावर नाहीत, सिलिंडरच्या कुशीत उभे आहेत. त्यामुळे हवा-पेट्रोलला वळसा घालून आत जावे लागते, एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बाजूला उष्णता साठते आणि कॉम्प्रेशन पाचास एकच्याही किंचित खालीच राहते. पण याच रचनेमुळे हेड म्हणजे नुसते फिन असलेले एक झाकण. त्यात रॉकर नाहीत, पुशरॉड नाहीत. बोल्ट काढले, झाकण उचलले की पिस्टनचे डोके आणि दोन्ही व्हॉल्व्ह समोर. कार्बन खरवडायचा आणि झाकण परत बसवायचे. युद्धकाळात ब्रिटनमध्ये मिळणारे पेट्रोल जेमतेम सत्तरच्या आसपास ऑक्टेनचे होते. तेही या इंजिनाने कुरकुर न करता पचवले.

बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स. १८६१ साली बंदुका बनवणाऱ्या कारागिरांनी एकत्र येऊन काढलेली ही कंपनी. एका बंदुकीचा भाग दुसरीला निमूट बसला पाहिजे, ही यंत्रावर माल बनवण्याची शिस्त तिथे पहिल्यापासून होती. मोटरसायकली १९१० पासून आल्या आणि ती शिस्त त्यांच्यातही उतरली. टाकीवरच्या तीन उभ्या रायफलींचे चिन्ह म्हणजे नुसती शोभा नव्हे. १९ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन बॉम्बहल्ल्यात या कारखान्याचा मोठा भाग कोसळला आणि ५३ कामगार ठार झाले. त्यानंतरही एम-२० निघतच राहिली. घरी खोललेल्या गाडीवर त्या काळाच्या खुणा सापडतात. जपानने मलाया घेतल्यावर रबराचा दुष्काळ पडला. हँडलच्या मुठींवर कॅनव्हास आला आणि पाय ठेवायला नुसती लोखंडी दांडी. वाळवंटाकडे निघालेल्या गाड्यांच्या पेट्रोलच्या टाकीवर मोठ्या डब्यासारखा एअर फिल्टर बसवलेला असे. रंगही बदलत गेले: आधी खाकी हिरवा, १९४२ पासून तपकिरी, १९४४ पासून ऑलिव्ह. टाकीचा रंग खरवडताना ते थरावर थर उघडे पडतात.

भारतातही या गाड्या लष्कराबरोबर आल्या आणि लष्कराने मोडीत काढल्यावर लोकांच्या दारात उभ्या राहिल्या. आज हाती लागते ती बहुधा चार गाड्यांतून जमलेली असते. एकीची फ्रेम, दुसरीचे इंजिन, टाकी भलत्याच कोणाची, आणि कार्बोरेटरच्या जागी बुलेटचा. म्हणून व्यवहाराआधी क्रमांक वाचावेत. युद्धकाळातल्या फ्रेमवर आणि क्रँककेसवर डब्ल्यूएम-२० अशी अक्षरे ठोकलेली असतात. फ्रेमचा आणि इंजिनाचा आकडा वेगळा निघाला म्हणून हिरमुसू नये, लष्करी वर्कशॉपांनीच इंजिने बदलली असणार. आकडे घासून नव्याने ठोकलेले दिसले, तर मात्र तिथूनच परत फिरावे.

खोलायला बसलात की पहिली गाठ आट्यांशी पडते. घरातला मिलिमीटरचा पान्यांचा संच इथे कुचकामी. जोसेफ व्हिटवर्थने १८४१ साली मांडलेला ५५ अंशांचा आटा, त्यातून निघालेला बारीक बीएसएफ, आणि सायकलींच्या धंद्यातून आलेला, इंचाला सव्वीस आटे असलेला ६० अंशांचा सायकल थ्रेड, असे तिन्ही प्रकार एकाच गाडीवर सापडू शकतात. ॲल्युमिनियममध्ये जाणारे बोल्ट जाड आट्याचे, कारण मऊ धातूत बारीक आटे टिकत नाहीत. फ्रेमवर आणि धुऱ्यांवर सव्वीसचा सुळसुळाट. त्यात व्हिटवर्थ पान्यावरचा आकडा जबड्याचा नसतो, बोल्टच्या जाडीचा असतो. पाव इंची पान्याचा जबडा असतो ०.५२५ इंच, म्हणजे १३.३ मिलिमीटर. तेराचा पाना बसत नाही आणि चौदाचा बसतो तो नटाचे कोपरे गोल करूनच बाहेर येतो. भारतातल्या निम्म्या एम-२० गाड्यांचे नट गोल झालेले असतात ते या चौदाच्या पान्यामुळेच, असा माझा दाट संशय आहे. पुण्यात मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात व्हिटवर्थचे जुने पाने अजून कधीमधी मिळतात. गाडी घेण्याआधी ते घ्यावेत.

प्रत्येक भाग काढताना फोनवर फोटो काढावा. नट-बोल्ट आपापल्या भागाबरोबर डब्यात घालून डब्यावर चिठ्ठी लावावी. श्रीखंडाचे रिकामे डबे यासाठी उत्तम, झाकण घट्ट बसते. जाम झालेला बोल्ट पिरगाळू नये. रात्रभर तेल पाजावे, ऊब द्यावी आणि आधी किंचित आवळून मग सोडवावा. गंजक्या पत्र्यासाठी धुण्याचा सोडा घातलेले पाणी, बॅटरी चार्जर आणि लोखंडाची एक सळई पुरते: ऋण टोक गाडीच्या भागाला, धन टोक सळईला. गंज सुटतो आणि चांगल्या लोखंडाला धक्का लागत नाही. हा उद्योग उघड्यावरच करावा, कारण त्यातून हायड्रोजन निघतो. स्टेनलेस स्टीलची सळई वापरू नये, पाण्यात क्रोमियमचे विषारी क्षार उतरतात.

क्रँककेसमधून बेअरिंग काढायला हातोडी घेणारा माणूस या कामाचा नव्हे. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादापेक्षा जास्त फुगते. केस नीट धुऊन मोठ्या पातेल्यात उकळत्या पाण्यात ठेवावी आणि लाकडावर हलकेच आपटावी. बहुतेक वेळा बेअरिंग आपसूक गळून पडते. नवे बसवताना ते रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवायचे आणि केस पुन्हा तापवायची. पातेले कोणते आणि फ्रीजर कोणाचा, हा प्रश्न ज्याने त्याने आपल्या घरी सोडवावा.

काही कामे मात्र घरी करू नयेत. क्रँक दोन फ्लायव्हील आणि त्यांच्यामधली पिन जोडून बनलेला असतो. बिग एंडचे रोलर झिजले तर तो सोडवून पुन्हा जोडावा लागतो आणि लेथच्या सेंटरवर धरून एक-दोन थाऊच्या आत सरळ आणावा लागतो. इंचाचा हजारावा भाग म्हणजे थाऊ, हे महाराष्ट्रातल्या कोणत्याही जुन्या टर्नरला सांगावे लागत नाही. सिलिंडर बोअर करायचे कामही त्याचेच: वीस थाऊ, चाळीस, फार तर साठ. त्यापुढे लायनर.

दुसरे बाहेरचे काम मॅग्नेटोचे. ल्यूकसचा मॅगडायनो म्हणजे खाली मॅग्नेटो आणि वर डायनॅमो अशी जोडगोळी. मॅग्नेटो आपली ठिणगी आपणच तयार करतो, त्यामुळे बॅटरी मेली तरी गाडी चालते. युद्धात या गुणाची किंमत फार होती. पण आर्मेचरच्या आतला कंडेन्सर ऐंशी वर्षांनी थकतो आणि वेटोळ्यांवरचे शेलॅक उष्णतेने मऊ पडते. लक्षण ठरलेले असते. थंड गाडी एका किकला चालू होते, थोडे अंतर छान जाते, तापली की बंद पडते आणि गार होईस्तोवर ढिम्म हलत नाही. लोक तासन् तास कार्बोरेटर साफ करत बसतात. दोष कार्बोरेटरचा नसतोच. आर्मेचर नव्याने गुंडाळून घेणे आणि आजचा कंडेन्सर बसवणे हाच उपाय, आणि त्या खर्चात काटकसर करू नये.

बाकी सुट्या भागांची चणचण जेवढी वाटते तेवढी नाही. सव्वा लाख गाड्या एकाच साच्यातल्या, त्यामुळे ब्रिटनमध्ये आजही तिचे भाग नव्याने बनवून विकले जातात. टायर तर आपल्या दारात आहेत. एम-२० ची दोन्ही चाके एकोणीस इंची, टायर सव्वातीन इंची, म्हणजे जुन्या ३५० सीसी बुलेटचेच माप. बुलेटवर हात बसलेल्याला उजव्या पायाचा गिअर आणि डाव्या पायाचा ब्रेकही परका वाटत नाही.

आता रंगाविषयी, आणि इथे माझे अनेकांशी पटत नाही. आपल्याकडे सजवलेल्या एम-२० पाहाव्यात: क्रोमने लखलखणाऱ्या रिमा, टाकीवर सोनेरी लायनिंग, आरशासारखे पॉलिश केलेले इंजिन. युद्धाआधीच्या नागरी मॉडेलला क्रोम होते, ते तिथे शोभते. पण डब्ल्यूएम आकड्याच्या गाडीने कारखान्यातून निघताना असला शृंगार पाहिलाही नव्हता. तिच्या रिमांना, हँडललाही तोच मळकट, बिनचमकीचा रंग असे. चकाकी दिसली असती तर शत्रूच्या विमानाला खूणच मिळाली असती. जिथे जुना रंग अजून धरून आहे तिथे तो तसाच ठेवावा, असे माझे म्हणणे. पत्रा कुजला असेल तर बदलावा आणि मूळ छटेचा मॅट रंग द्यावा. टाकीवरचा पोचा काढलाच पाहिजे असे नाही.

जोडणी झाल्यावर तेलाकडे लक्ष. हिचे तेल इंजिनाच्या तळात राहत नाही. वेगळ्या टाकीत असते आणि पंप ते आत ढकलून परत ओढतो. गाडी काही आठवडे उभी राहिली की टाकीतले तेल पंपाच्या फटींतून हळूहळू क्रँककेसमध्ये उतरते. अशी गाडी चालू केली की सायलेन्सरमधून निळ्या धुराचे लोट निघतात आणि शेजारी खिडक्या लावून घेतात. तळाचा बोल्ट काढून तेल टाकीत परत ओतावे. चालू झाल्या झाल्या टाकीचे झाकण उघडून आत पाहावे, परतीच्या नळीतून तेलाच्या पिचकाऱ्या येताना दिसल्या पाहिजेत. त्या दिसत नसतील तर इंजिन तत्काळ बंद करावे. पेट्रोलची चिंता ऑक्टेनची नाही, इथेनॉलची आहे. आज आपल्या पंपांवर वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. ते पाणी ओढते, टाकी आतून गंजवते आणि जुन्या रबरी नळ्या मऊ करते. नळ्या नव्या प्रकारच्या घ्याव्यात आणि गाडी महिनोन् महिने उभी ठेवायची असेल तर टाकी, कार्बोरेटर रिकामे करावेत.

किक मारण्यालाही क्रम आहे. पेट्रोलचा कॉक उघडायचा. कार्बोरेटरवरची छोटी खुंटी पेट्रोल झिरपेपर्यंत दाबायची. हँडलवरच्या लिव्हरने ठिणगी मागे घ्यायची. व्हॉल्व्ह लिफ्टर दाबून पिस्टन कॉम्प्रेशनच्या जरा पुढे न्यायचा, किक वर येऊ द्यायची आणि मग अंगाचे पूर्ण वजन टाकायचे. ठिणगी मागे घ्यायला विसरलात तर किक उलटी येते आणि पोटरी बरेच दिवस आठवण देते. चालू झाल्यावर मात्र तिचा ठेका ऐकत राहावा असा आहे. मागे सस्पेन्शन नाही, जे काही आहे ते सीटखालच्या स्प्रिंगांत. ताशी साठ-पासष्ट किलोमीटरला ती खुशीत असते. ब्रेक मात्र आजच्या रहदारीसाठी केलेले नाहीत, पुढच्या गाडीपासून अंतर भरपूर ठेवावे.

एम-२० चे उत्पादन १९५५ साली थांबले. तिची सहाशे सीसीची बहीण एम-२१ साइडकार ओढत १९६३ पर्यंत चालली. पन्नासच्या दशकात जगातली सर्वांत मोठी मोटरसायकल कंपनी असलेली बीएसए १९७३ पर्यंत बुडाली होती. स्मॉल हीथचा बहुतेक कारखाना पुढे पाडला गेला. २०१६ साली ते नाव महिंद्र समूहाच्या क्लासिक लेजंड्सने विकत घेतले आणि २०२१ च्या अखेरीस बर्मिंगहॅममध्येच नवी गोल्ड स्टार सादर केली. बक्षिसे आणणाऱ्या बहिणीचेच नाव पुन्हा वापरले गेले, यात आश्चर्य नाही.

उभी केलेली गाडी रस्त्यावर आणायची तर कागदपत्रे हवीत. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात असलेल्या गाडीची विंटेज म्हणून नोंद होते. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे, आणि पाटीवर व्हीए ही अक्षरे. अट अशी की ती प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला, दुरुस्तीला न्यावी. रोजच्या वापराला नाही. लष्कराने जी फक्त रोजच्या वापरासाठीच घेतली होती, तिला आता तेवढीच एक गोष्ट मना आहे. दुरुस्तीला न्यायची मात्र मुभा आहे, आणि एम-२०वाल्याला ते कारण सहसा शोधावे लागत नाही.