हेदर, कारवी आणि कात

कॉन्फरन्स कॉलवर पलीकडून आवाज येतो, "हाय, हेदर हिअर!" आपण नाव लिहून घेतो आणि कामाला लागतो. पण बॉस, हेदर म्हणजे चक्क एक झुडूप आहे! स्कॉटलंडच्या उघड्या डोंगरांवर गुडघाभर वाढणारं, ऑगस्टमध्ये अख्खा डोंगर जांभळा करून टाकणारं. तिकडे पूर्वी घरंसुद्धा त्यानंच शाकारायचे. अशा लाडक्या झुडपाचं नाव लेकीला दिलं, आपल्या जाई-जुई-केतकीसारखं. सिंपल!

कुळ वेगळं, पण आपल्याकडे जांभळ्या डोंगरांचं काम करते कारवी. सह्याद्रीच्या उतारांवर दाटीनं वाढते आणि साधारण आठ वर्षांतून एकदाच फुलते. मुंबईच्या नॅशनल पार्कात २०१६ साली फुलली, मग थेट २०२४ मध्ये. बी धरलं की झुडूप मरतं. उरलेल्या काठ्या उभ्या बांधून शेणमातीनं लिंपल्या की झाला कूड, म्हणजे घराची भिंत.

अशी कुडाची घरं पिढ्यान् पिढ्या बांधत आले ते रायगडचे कातकरी. कुंडलिकेच्या एका काठावर रोहा, दुसऱ्या काठावर अष्टमी, नगरपरिषद दोघांची एकच. या तालुक्यात कातकऱ्यांच्या बऱ्याच वाड्या आहेत. आणि झाडावरून माणसांना नाव पडण्याची दुसरी गोष्ट इथली आहे. ती मात्र सिंपल नाही.

कात म्हणजे तोच, विड्यात घालतो तो. खैराच्या गाभ्याच्या ढलप्या पाण्यात उकळायच्या, अर्क आटवायचा, थंड करून वड्या पाडायच्या. हे काम करणारे ते कातकरी. हे नाव हौसेनं ठेवलेलं नाही, धंद्यावरून पडलेलं. पुढे इंग्रज सरकारनं जंगलं ताब्यात घेतली, १८७८ चा वनकायदा आला आणि खैर हातातून गेला. मग कोळसा पाडणं, शेतमजुरी, वीटभट्टी. आजही पावसाळा संपला की उचल घेतलेली कुटुंबं भट्टीवर निघतात, आणि पोरांची शाळा अर्ध्यावर सुटते.

सरकारदरबारी महाराष्ट्रात विशेष असुरक्षित आदिवासी गट तीनच. कोलाम, माडिया गोंड आणि कातकरी. यादीत नाव आहे, पण अनेक वाड्यांवर घराखालची जमीन दुसऱ्याच कुणाच्या नावावर असते.

तेव्हा पुढच्या वेळी पानवाल्याला "कात जरा जास्त लाव" म्हणाल ना, तेव्हा हे आठवा. हेदरच्या नावातला डोंगर अजून दरवर्षी फुलतो. कातकऱ्यांकडे नाव राहिलं, खैर नाही राहिला.