बिऱ्हाड पाहावे शोधून

‘घर पाहावे बांधून’ म्हणतात. पण बांधणे ज्याला परवडत नाही, त्याने रत्नागिरीत बिऱ्हाड पाहावे शोधून! मारुती मंदिर, शिवाजीनगर, नाचणे करीत मी थेट कुवारबावपर्यंत चपला झिजवल्या. वाटेत कुलूपबंद घरे पुष्कळ. मालक मुंबईला, किल्ली शेजारच्या काकूंकडे.

“घर रिकामंच ना, काकू?”

“रिकामंच हो! पण भाडेकरू शिरला की निघत नाही, असं धाकट्या भावोजींना वाटतं.”

म्हणून घरे कुलपात, नि उरलेल्या मोजक्या घरांचे भाडे चढे. वर अनामत आणि दलाली.

भीती अगदीच खोटी नव्हे. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्यात भाडी गोठली, घर परत मिळणे दुर्घट झाले. परंतु १९९९ च्या महाराष्ट्राच्या कायद्याप्रमाणे परवाना-कराराने दिलेले घर मुदत संपताच सोडावे लागते. न सोडल्यास दुप्पट आकार! करार मात्र लेखी नि नोंदलेला हवा, आणि ती जबाबदारी मालकाची.

ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला १८८६ साली येथे आणले. त्याचा राजवाडा पुरा झाला १९१० साली. तोवर तोही परक्या बंगल्यांतच! मी राजा नव्हे. दोन खोल्या पुरतील. काकू, एवढे भावोजींना कळवाल?