तंबूतला सिनेमावाला

विल्यम हॅगर (१८५१–१९२५) जन्माने इंग्लंडमधल्या एसेक्सचा, पण त्याचं नाव झालं ते वेल्समध्ये. फिरत्या नाटकमंडळीच्या या मालकाने १८९८ मध्ये बायस्कोप घेतला आणि जत्रांतून, कोळशाच्या खाणींच्या गावांतून खेळ सुरू केले.

मग तो स्वतःच चित्रपट काढू लागला. नटमंडळी घरचीच!

१९०३ चा ‘डेस्परेट पोचिंग अफ्रे’ आजही थक्क करतो. चोरटे शिकारी पुढे, पोलीस मागे, सगळे थेट कॅमेऱ्याच्या अंगावर धावत येतात आणि शेवटी पाण्यातच झटापट जुंपते. १९०५ मध्ये त्याने कुख्यात घरफोड्या चार्ल्स पीसची कहाणी फाशीसकट पडद्यावर आणली. पीस झाला होता मुलगा वॉल्टर.

पुढे हॅगरने ॲबरडेअरसारख्या गावांत कायमची चित्रपटगृहं चालवली.